बाबांना दाखवू नकोस

४ जून

अहो,

पोचले. गाडी दीड तास उशिरा आली. राहायला कारखान्याच्या माडीवर खोली दिली आहे, तिला एकच खिडकी आणि तीही आत उघडते. म्हणजे डोळे उघडले की समोर कटिंगचं टेबल. खोलीत माझ्याबरोबर बटणवाली आहे. बटणवाली म्हणजे काजं-बटणं विभागाची मुख्य, जाडजूड, सारखी काहीतरी चघळणारी, मनाने बरी. उद्यापासून तीस मुली माझ्या हाताखाली. निम्म्यांना कात्री कशी धरतात तेही ठाऊक नसेल. सहा आठवड्यांत त्यांनी कापडाच्या चाळीस थरांतून शर्टाची बाही कापली पाहिजे, असं मालकांचं म्हणणं. त्यांचं मी बघून घेईन. तुमचं काय ते सांगा.

फ्रिजवर यादी लावून आले आहे. वाचलीत का? दिवसभर लोकांच्या नळांचे मीटर वाचत हिंडता, बायकोची दोन पानं वाचायला जड जाऊ नये. गट्टूचं दूध कोमट हवं, गरम नव्हे. अंडं तो खात नाही. तासभर विनवण्या केल्या तर पिवळा भाग खातो. मनीला पाढे म्हणायला लावायचे, ती सातानंतर गाळते. सकाळी कामावर जाताना गट्टूला समोरच्या नर्सबाईंकडे सोडायचं आणि एकच्या ठोक्याला आणायचं. नर्सबाई निवृत्त झाल्या तरी त्यांची जीभ झालेली नाही, उशीर केलात तर माझ्या नावाने ऐकाल.

एक सांगायचं राहिलं. मनीला मी सहा आठवडे म्हणाले नाही. दोन दिवसांत येते म्हणाले. गट्टूला काहीच म्हणाले नाही, तो मागे खेळत होता, मी पुढच्या दाराने निघाले. तेव्हा परवा दोघं विचारतील. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. आजवर या घरातली सगळी नकोशी उत्तरं मी दिली आणि तुम्ही पाठीवरून हात फिरवलात. आता दोन्ही तुमच्याकडे.

मी बटणवालीशी पैज मारली आहे. तिसऱ्या दिवशी तुमचा फोन येणार, 'ये' म्हणून.

मी

१२ जून

अहो,

पैज हरले. बटणवाली येता-जाता 'आला का गं फोन?' म्हणते आणि हसते. हसू दे.

तुमचं पत्र मिळालं. चार ओळी. 'सगळं ठीक आहे. मुलं मजेत. तू काळजी करू नकोस. काम नीट कर.' पाण्याच्या बिलावर याहून जास्त मजकूर असतो.

रविवारी मी फोन केला तेव्हा ऑफिसात मॅनेजर बसला होता, कान टवकारून. म्हणून तेव्हा बोलले नाही, आता लिहिते. मी म्हटलं, गट्टूला द्या. तुम्ही म्हणालात, "तो बादलीत बोटी सोडतोय. येत नाही म्हणतो."

"आईचा फोन आहे हे सांगितलंत का?"

"सांगितलं."

"मग?"

"नंतर, म्हणतो."

नंतर! अडीच वर्षांचं पोर मला नंतर म्हणतं. आणि ते तुम्ही मला इतक्या सरळ आवाजात सांगता, जसा काही एखाद्या घराचा मीटर बंद आहे.

मनीला तुम्ही खरं सांगून टाकलंत म्हणे. बेचाळीस चौकोन आखून दिलेत आणि ती रोज एक खोडते. मला एका शब्दाने न विचारता. ती रडली का, विचारलं तर म्हणालात, "थोडी. मग चौकोन मोजायला लागली." आणि अंडं? "मी त्याच्यासमोर बसून माझं खात होतो, त्याने माझ्या ताटलीतलं ओढलं." बस, एवढंच! म्हणजे मी इतके महिने त्या पोरामागे वाटी घेऊन फिरले ती काय हौस म्हणून?

मला खरं सांगा. कुणी पडलं नाही? ताप नाही, पोट बिघडलं नाही? तुमचा आवाज एकदाही चढला नाही? हात उचलला गेला नाही? माझा जायचा, तुम्ही पाहिलंय. माणूस आहात ना तुम्ही? का मला कमीपणा यावा म्हणून दात आवळून चांगले वागताय?

इथे आज एका मुलीने बाहीचा खाका उलटा ठेवला आणि चाळीस थर वाया घालवले. मी तिला सगळ्यांसमोर इतकं बोलले की ती जेवली नाही. घरी तान्हं मूल आहे तिला. "मग घरीच बसायचं होतं," म्हणाले मी. बटणवाली म्हणाली, "तू कुणाला बोलतेस गं हे?"

मी

२१ जून

माझ्या लाडक्या मने,

हे पत्र मी तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे ते थेट तुझ्या हातात पडेल. मोठ्या माणसांना येतं ना, तसं. हे तुझं आणि माझं गुपित. बाबांना दाखवू नकोस.

आत एक पाकीट आहे. त्यावर माझा पत्ता लिहिलाय आणि तिकीटही चिकटवलंय. तू लिहायचं, पाकिटात घालायचं आणि शाळेच्या फाटकाजवळच्या पेटीत टाकायचं. तुझा हात पोचत नसेल तर मोठ्या वर्गातल्या मुलीला सांग.

आईला सगळं लिही. बाबा ओरडतात का? गट्टू रडला की बाबा काय करतात? तुला भूक लागली आणि जेवण झालेलं नाही असं कधी झालं का? बाबा गट्टूला एकट्याला घरी ठेवून कुठे जातात का? वाईट असलं तरी लिही. घाबरू नकोस. वाईट असलं तर आई लगेच गाडीत बसेल आणि येईल.

तुझी आई

३० जून

मने,

तुझं पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय. 'बोट' मधला 'ट' छान काढलास.

बाबा गोष्ट सांगताना वाघाचा आवाज काढतात, हे वाचलं. बाबांनी भात करपवला आणि तुम्ही तिघंही हसलात, तेही वाचलं. बाबांनी तुझी वेणी घातली आणि ती वाकडी झाली, पण तू तशीच शाळेत गेलीस. माझ्या हातची वेणी जरा सैल झाली की तू पाय आपटायचीस. असू दे.

पूर्ण पान वाचलं, मागूनही बघितलं. आईची आठवण येते, असं कुठे लिहिलेलं सापडलं नाही. राहून गेलं असेल.

सगळं इतकं छान चाललंय तर मग आई इथेच राहिली तरी चालेल, नाही का? इथल्या साहेबांनी मला विचारलंय, कायमच्या राहता का. मी म्हटलं, मनीला विचारते. तिला आई हवी असेल तर ती आईला खरं काय ते लिहील. नीट आठव. तुझ्या लक्षात आलं नसेल असं काहीतरी असेल. दुसरं पाकीट ठेवलंय.

आणि लक्षात आहे ना, बाबांना दाखवायचं नाही.

आई

८ जुलै

वन्सं,

साष्टांग वगैरे नेहमीसारखं लिहीत नाही, कारण तुमच्या सख्ख्या भावाबद्दल लिहायला बसले आहे आणि हात उचलत नाही. पण पोटच्या पोरांचा प्रश्न आहे. तुम्ही त्यांच्या मोठ्या बहीण, आई गेल्यावर तुम्हीच त्यांना वाढवलंत. तुमच्याखेरीज ते कुणाचं ऐकणार नाहीत.

मनीचं पत्र काल आलं. मूळ पत्र सोबत जोडते आहे, म्हणजे मी पदरचं काही घातलं असं कुणाला वाटायला नको. तुम्हाला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून इथेही उतरवते:

'आई, बाबा वाईट आहेत. गट्टू रडला की बाबा त्याला बाथरूममध्ये कोंडतात. बाहेरून कडी लावतात. दिवा बंद करतात. तो दार वाजवतो. खूप वेळ वाजवतो. मग वाजवत नाही. आता तू ये. आजच ये. मनी.'

वन्सं, सात वर्षांची मुलगी असलं मनाने रचेल का? आपल्याकडे सगळे म्हणतात, काय शांत माणूस, काय गरीब स्वभाव. शांत माणसाच्या घरात काय चालतं ते मुलांनाच ठाऊक.

मी आजच निघाले असते. पण पुढच्या आठवड्यात मालक माझ्या मुलींचं काम बघायला येणार आहेत, आणि मी गेले तर तीस जणींचं नुकसान. तुम्ही तासाभराच्या अंतरावर. जाऊन बघा. तुम्हाला योग्य वाटलं तर गट्टूला काही दिवस तुमच्याकडे न्या. मनीची शाळा आहे, ती राहू दे.

त्यांना रागावू नका. फक्त विचारा.

तुमची भावजय

१७ जुलै

अहो,

वन्संचं पत्र आलं, तुमचं आलं नाही. पहिल्यांदाच असं झालं. चार ओळीसुद्धा नाहीत.

त्या लिहितात की त्या रविवारी सकाळी आल्या. तुम्ही गट्टूला आंघोळ घालत होतात. त्यांनी पत्र तुमच्या हातात ठेवलं आणि उभ्याउभ्याच विचारलं, "हे खरं आहे?" आणि तुम्ही म्हणालात, "हो."

हो?

वन्संनी पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, "हो ताई. माझी चूक झाली." मग त्यांनी ओल्या अंगाच्या पोराला टॉवेलात गुंडाळलं, चार कपडे घेतले आणि बस धरली. तो सगळा वेळ बसमध्ये 'बोटी राहिल्या' म्हणत होता, म्हणे. मग उलटी झाली. मग झोपला.

तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? माणूस निदान एकदा तरी नाही म्हणतो. भांडतो. 'बायको खोटं पसरवतेय' म्हणून आरडाओरडा करतो. मी त्या भांडणाची तयारी करून बसले होते. तुम्ही ओरडला असतात, मला शिव्या घालणारं पत्र लिहिलं असतंत, तर मी त्याला उत्तर दिलं असतं. 'हो' ला काय उत्तर देऊ?

वन्सं मला 'बिचारी' म्हणतात आता. 'तू कशी गं राहिलीस इतकी वर्षं त्याच्याजवळ?' असं त्यांनी लिहिलंय. दहा वर्षांत त्यांनी मला एक धड शब्द दिला नव्हता.

मनीचे चौकोन काल संपले असतील. तिला सांगा, मी अजून थोडी थांबते आहे. मालक येऊन गेले. खूश आहेत. मला इथली कायमची कटिंग मास्टर करायचं म्हणतात. आजवर त्यांच्या एकाही कारखान्यात बाई मास्टर नव्हती.

उत्तर लिहा. या वेळी 'सगळं ठीक आहे' चालणार नाही.

मी

२३ जुलै

अहो,

तुमचं पत्र दोन पानांचं आहे. दहा वर्षांत पहिल्यांदाच. मी ते खिडकीत उभी राहून वाचलं. खाली तीस यंत्रं चालू होती आणि मला एकाचाही आवाज आला नाही.

तुम्ही लिहिलंय: 'ताई विचारत होती तेव्हा मनी माझ्या मागे होती. शर्टाचं टोक धरून. पत्र बघितल्याबरोबर तिने ते घट्ट धरलं. मी नाही म्हटलं असतं तर ताईने तिला पुढे ओढून विचारलं असतं, मग कोण खोटं बोलतंय? तुला ताईचा आवाज माहीत आहे. मनीला आयुष्यभर लक्षात राहिलं असतं. मला काय, मी मोठा आहे.'

आणि पुढे: 'मग मनीने मला सगळं सांगितलं. तुझी दोन्ही पत्रं दप्तरात, पुस्तकाच्या कव्हरच्या आत ठेवली होती. तिला वाटलं तुला वाईट काहीतरी हवं आहे. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून तेच लिहिलं.'

तुम्ही एवढ्यावर थांबलात. 'तेच' म्हणजे काय, ते लिहिलं नाहीत. तुमचा तोच चांगुलपणा, अंगावर पाल पडावी तसा. तर मीच लिहिते.

पत्र आलं तेव्हा पहिल्या वाचनातच मला कळलं होतं. आपल्या बाथरूमला बाहेरून कडी नाही. पूर्वी होती. गेल्या वर्षी गट्टू तापाने फणफणला होता आणि मनी सारखी काहीतरी मागत होती, तेव्हा मी तिला आत टाकून ती कडी लावली. दिवाही मीच बंद केला. तुम्ही कामावरून आलात, दार उघडलंत, तिला बाहेर काढलंत. मग स्क्रू-ड्रायव्हर आणलात आणि कडी काढून कचऱ्यात टाकलीत. मला एक शब्द बोलला नाहीत. त्या दिवशी तुम्ही माझ्या कानफटात मारली असतीत तर बरं झालं असतं.

म्हणजे मनीने खोटं काही लिहिलं नाही. फक्त आईच्या जागी बाबा केलं, आणि स्वतःच्या जागी गट्टू. आणि मी ते ओळखून, घडी घालून वन्संना पाठवलं.

बटणवालीला सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी म्हणेल, होतं गं असं. तिने चघळणं थांबवलं.

"तुला त्यांनी बोलवायला हवं होतं," ती म्हणाली.

"एकदा. एकदा जरी म्हणाले असते की जमत नाही..."

"आणि पोरांनी रडायला हवं होतं."

"हो."

"किती?"

तिने तिची गादी उचलली आणि काजं-बटणांच्या मुलींच्या खोलीत नेली.

तुम्ही दोन गोष्टी मागितल्यात. मनीला पत्र पाठवू नकोस, पाकीट दिसलं की तिच्या पोटात दुखतं. ठीक. नाही पाठवत. दुसरी, ताईला खरं लिही, म्हणजे गट्टू घरी येईल. ती मी करणार नाही. लिहिलं तर त्या कडीचंही लिहावं लागेल. तुम्ही 'हो' म्हणून मोठे झालात, आता थोडे दिवस मोठेपणा भोगा. मला बिचारी राहू दे. गट्टू तिथे खातोपितो. वन्सं लिहितात, जरा गप्प असतो, एवढंच.

मी

२ ऑगस्ट

अहो,

हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा गट्टू घरी येऊन दोन दिवस झालेले असतील. तुम्हाला नर्सबाईंकरवी फोनचा निरोप मिळाला आणि तुम्ही धावत गेलात. निरोप वन्संनी का दिला, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल किंवा नसेल. म्हणून माझ्याकडून.

मी त्यांच्याकडे खरं सांगायला गेले नव्हते. हे आधी लिहिते, नाहीतर तुम्ही पुन्हा माझ्याबद्दल काहीतरी बरं समजाल. मी गट्टूला न्यायला गेले होते. कायमची नोकरी घेतली आहे. खोली आता मला एकटीला दिली आहे. एक मूल तुमच्याकडे, एक माझ्याकडे, असा माझा हिशेब होता.

दार वन्संनी उघडलं. मला पोटाशी धरलं. गट्टू आतून धावत आला, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या बाजूने वाकून मागे जिन्यात बघितलं.

"बाबा?" म्हणाला.

मी म्हटलं, "आई आली ना. चल, आई घेऊन जाते तुला."

तो भिंतीला चिकटला. मी उचलायला गेले तर अंग ताठ केलं, लाकडासारखं. मी दंडाला धरून ओढलं. जरा जोरात ओढलं. तो ओरडला नाही, वन्सं. (बघा, हात चुकला. वन्संना नाही, तुम्हाला लिहिते आहे.) ओरडला नाही. त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खाली बसला. मार बसायच्या आधी बसतात तसा.

वन्संनी ते पाहिलं. मी त्यांना पाहताना पाहिलं. म्हातारीचे डोळे अधू असतील, पण तीन पोरं आणि एक भाऊ वाढवलाय तिने. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे तो कुणाला घाबरून शिकला?"

तेव्हा सांगितलं. आधी कडी, मग पत्रं, पाकिटं, सगळं. दारातच उभी राहून. त्यांनी मला आत या म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर इतकंच म्हणाल्या, "आणि त्याने माझ्यासमोर हो म्हटलं. मी त्या पोराला ओल्या अंगाने उचलून आणलं." मग गट्टूला आत नेलं आणि दार लावलं. आतून फोनचा आवाज आला. नर्सबाईंचा नंबर त्या मोठ्याने एकेक आकडा म्हणत फिरवत होत्या.

मी गेले असते. रस्त्यापलीकडे बसथांबा होता, तिथे जाऊन उभी राहिले, बसही आली. मी चढले नाही. दुसरी आली, तिच्यातही नाही.

दोन तासांनी तुम्ही आलात. कामाच्या कपड्यांत, खांद्याला तीच मीटरची पिशवी. मनी तुमच्या पुढे धावत होती. वन्सं गट्टूला घेऊन खाली आल्या. तो बूट उलट्या पायांत घालून बसला होता, कुणाला सुलटे करू देत नव्हता. तुम्ही पायरीवर बसलात आणि त्याचा एकेक पाय मांडीवर घेतलात. वन्सं काहीतरी बोलत होत्या, रडत होत्या बहुतेक. तुम्ही नाडी बांधत होतात.

तुमची माझ्याकडे पाठ होती. गट्टूचं तोंड रस्त्याकडे होतं. त्याने मान वर केली असती तर मी त्याला दिसले असते.

मनीला मी दिसले. मी हात वर केला. तिने केला नाही. तिने एकदा तुमच्याकडे बघितलं, एकदा गट्टूकडे. मग चालत आली आणि त्याच्या बरोबर समोर, माझ्या आणि त्याच्या मध्ये, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तुमच्या बाजूच्या थांब्यावर तुमची बस येईपर्यंत तिथून हलली नाही.

तुम्ही पाहिलं नाहीत, म्हणून लिहिलं.